बिनतणाव्याची होडी

फोटो आला तेव्हा माझ्या दातात दोरा होता. मेण लावलेला दोरा दाभणात ओवायच्या आधी दातात धरायची माझी जुनी खोड आहे. त्यापायी पुढचे दोन दात गेले तरी ती काही जात नाही. गंगापूरच्या एका लग्नासाठी कनात शिवत बसलो होतो. कनात म्हणजे मांडवाला चहूबाजूंनी लावतात ती कापडी भिंत. दर दोन हातांवर कापडात लांब खिसा शिवायचा, त्यात बांबू घालायचा, की कापड ताठ उभं राहतं. त्या खिशाला आम्ही बांबूचं घर म्हणतो. शहरात आता मशीनवर कनाती शिवणारे पुष्कळ झालेत, पण जाड डकचं, म्हणजे कॅनव्हासचं, कापड हातानं शिवणारा मी एकटाच उरलोय, असं मी सगळ्यांना सांगतो. बायको म्हणते, अजून दोघं आहेत, तुमाला ते दिसत नाहीत.

फोन थरथरला. बघतो तर लेकीचं नाव.

दोन वर्षांत तिचा माझ्या फोनवर एक शब्द आला नव्हता. आणि आता आला तोही शब्द नव्हताच, नुसता फोटो. ना 'अप्पा', ना 'कसे आहात'. फोटोत पाणी, पाण्यावर एक हिरवी होडी, तीसुद्धा अर्धीच. पुढचं टोक कापलेलं, मागचा भाग कापलेला. मला पहिला राग आला तो त्याचाच. दोन वर्षांनी बापाला फोटो पाठवते, तर नीट काढून तरी पाठवावा की नाय?

भांडण सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ही आमची एकुलती एक. शाळेत असल्यापासून माझ्या शेजारी बसून शिवणकाम शिकली. कॉमर्सची पदवी घेतली. मग मैत्रिणींबरोबर कोकणात फिरायला म्हणून गेली, ती तिकडं होड्यांची शिडं शिवणाऱ्या एका कारखान्यातच चिकटली. तिथवर मी सहन केलं. शीड काय, कनात काय, कापडच ते. पण दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली आणि फराळ करता करता म्हणाली, "अप्पा, मी एका म्हाताऱ्या जोडप्याच्या होडीवर कामाला जाणार. ते होडीतच राहतात, समुद्रानं गावोगाव फिरतात. शिडांचं सगळं माझ्याकडं."

मी हातातली चकली खाली ठेवली. ज्या गावात नळाला आठवड्यानं पाणी येतं, त्या गावची पोर समुद्रात राहायला जाते म्हणते!

"पोहता येतं का?" मी विचारलं.

"शिकले."

"मग बुडायलाबी शीक," मी म्हणालो. "आणि माझ्या दुकानात परत पाय ठेवू नको."

असं बोलायला नको होतं. त्याच रात्री कळलं होतं मला. पण बूंद से गयी वो हौद से नहीं आती. तिनं ताट मोरीत नेऊन ठेवलं, बॅग भरली आणि सकाळच्या गाडीनं गेली. त्यानंतर दर रविवारी आईशी फोनवर बोलायची. मी त्या वेळी घराला लागून असलेल्या दुकानात जाऊन बसायचो. मधलं दार मात्र उघडं ठेवायचो.

तर तो फोटो. होडीवर दोन डोलकाठ्या, आणि दोन्हींवर विटकरी रंगाचं शीड. शीड म्हणजे तिकोनी सपाट कापड, एवढंच मला चित्रांवरून ठाऊक. हे तसलं नव्हतं. ह्या शिडात घरं शिवलेली होती, घरांत काठ्या घातलेल्या होत्या, एकीखाली एक, सहा-सात. मी चाटच पडलो. ही तर कनात! फक्त काठ्या आडव्या. आता आमच्या धंद्यात बांबू उभाच असतो. आडवा बांबू म्हणजे पडलेली कनात. माझ्या हातानं आपोआप फोन फिरवून धरला, काठ्या उभ्या झाल्या, आणि होडी पाण्यासकट एका अंगावर कलंडली.

"अगं ए! पडली! पोरीची होडी पडली!"

बायको कणकेच्या हातानं पळत आली. तिनं फोन बघितला, सरळ केला, आणि एकदा माझ्याकडं बघितलं. "अहो, आभाळ वर असतंय," एवढंच म्हणाली आणि पोळ्या करायला आत गेली. पुढं आठ दिवस जो भेटेल त्याला तिनं हे सांगितलं.

मीही हसलो असेन, पण धास्ती काही गेली नाही. कारण फोन सरळ केल्यावर मला दुसरंच दिसलं. त्या डोलकाठ्यांना तणावे नव्हते. तणावा म्हणजे खांब ताणून धरणारी दोरी. खांबाच्या माथ्यापासून खाली आणायची, जमिनीत मेख ठोकायची, तिला आवळायची. एका खांबाला कमीत कमी चार. मांडव उभा राहतो तो खांबांवर नाही, तणाव्यांवर. बीड बायपासला एका लॉनवर कुणीतरी गाडी लावायला म्हणून दोन मेखा उपटल्या होत्या, आणि वारं सुटल्याबरोबर सगळं वऱ्हाड जिलबीसकट कापडाखाली गेलं. ते मी डोळ्यांनी बघितलंय. ते तर जमिनीवरचं वारं. समुद्रावर केवढं असेल? आणि त्या बिनतणाव्याच्या खांबाखाली माझी पोर झोपते.

"मग लावा की फोन," बायको म्हणाली. "तिनं आपणहून फोटो पाठवलाय. विचारा तिलाच."

"आधी होडी कोणती ते कळू दे. तिच्यापुढं अडाण्यासारखं बोलू का?"

हे सगळं वरवरचं. खरं सांगतो. मी फोन करीन, 'कशी आहेस' म्हणेन, ती 'बरी आहे' म्हणेल, आणि पुढं दोघांनाही काही सुचणार नाही, ह्याची मला भीती वाटत होती. दोन वर्षं पोटात धरलेलं सगळं तेवढ्यावर संपलं तर काय करायचं? होडीबद्दल बोलणं सोपं होतं. म्हणून मी होडीच्या मागं लागलो.

आमच्या गल्लीत एक नेव्हीतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. सगळे त्यांना नेव्हीवालेच म्हणतात. आपल्याला ओळखता येत नाही असं जगात एकही जहाज नाही, हे ते दर गणपतीला सांगतात. मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, चष्मा काढला, फोटो मोठा केला, लहान केला.

"दोऱ्या असणारच," ते म्हणाले. "फोटोत आल्या नसतील."

"शिडाच्या काठ्या मोजता येतात आणि दोऱ्या दिसत नाहीत?"

"उस्ताद, खरं सांगू का, मी वीस वर्षं जहाजावर होतो, पण भटारखान्यात. शीड काय, मी समुद्रसुद्धा फार बघितला नाही."

बिचारे लई वरमले. भरपाई म्हणून मला स्कूटरवर बसवून पैठणला नाथसागरावर घेऊन गेले, तिथले मासे धरणारे लोक पाण्यातले, त्यांना माहीत असणार म्हणून. धरणाच्या काठावर एक वयस्क भोई जाळं उकलत बसले होते. त्यांनी फोटो हातात घेऊन निवांत बघितला. म्हणाले, "आमी वारं सुटलं की होडी काठाला घेतो. हे लोक वारं सुटलं की होडी काढतेत. ह्यांचं आन् आमचं जमायचं नाय." मग फोन परत देताना त्यांनी विचारलं, "कोन हाय हितं?" मी म्हणालो, लेक. त्यांनी मान हलवली, चहा मागवला, आणि तो चहा होईपर्यंत आम्ही तिघंही पाण्याकडं बघत बसलो. एवढं पाणी माझ्या घरापासून तासाभरावर होतं आणि मी तिथं दहा वर्षांत गेलो नव्हतो. पोर लहान असताना दर उन्हाळ्यात म्हणायची, अप्पा, धरणावर चला ना. लग्नसराई असायची. मी म्हणायचो, पुढल्या साली.

त्या रविवारी आईचं नि तिचं बोलणं झालं. मी दुकानात, दार उघडं. बायको म्हणाली, "हो गं, बघितला त्यांनी फोटो." तिकडचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाही, अजून काही नाही म्हणाले." मी दाभण घट्ट धरून बसलो होतो. उठून चार पावलं गेलो असतो तर फोन माझ्या हातात असता.

सोमवारी मी दुसरंच काढलं. जे बघून कळत नाही ते करून बघावं. मागच्या अंगणात तीन हात खड्डा खणला, त्यात जाड बांबू पुरला, दगडमाती ठोकून घट्ट केला. तणावा एकही नाही. जुन्या कनातीचा एक तुकडा घेतला, घरं आडवी शिवली, काठ्या घातल्या, बांबूच्या टोकाला गडारी बांधली आणि दोरीनं ते कापड वर ओढलं. बायको धुणं वाळत घालत होती. म्हणाली, "शेजारचे विचारायला लागलेत, कोणाचं लग्न आहे."

दुपारी वारं सुटलं. मी जरा लांबच उभा राहिलो. बांबू वाकला, पण पडला नाही. वाकला नि परत सरळ झाला. वारं वाढलं तसं कापड बांबूभोवती दारासारखं फिरलं आणि वारं सोडून दिलं. मी दोरी ढिली केली तर सगळं शीड काठ्यांसकट खाली उतरलं, घडीवर घडी, खिडकीची चिक उतरावी तसं, हात न लावता. मी परत चढवलं. परत सोडलं. चार-पाच वेळा केलं. पन्नास वर्षं मी कापड वाऱ्याविरुद्ध उभं करत आलोय, आणि इथं कुणीतरी अगदी उलटा विचार करून ठेवला होता. वा रे पठ्ठ्या, असं मोठ्यानं म्हणालो. ते कुणाला ऐकवावं म्हणून इकडंतिकडं बघितलं. ज्या माणसाला कळलं असतं ते माणूस हिरव्या होडीवर होतं.

त्या वेळी फोन करायला हवा होता. बांबू कसा वाकला, कापड कसं फिरलं, हे तिला सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, होडीचं नाव कळलं की एकदमच करू, जरा रुबाबात.

नावासाठी बायकोनंच वाट काढली. ती माझ्याहून फोनमध्ये हुशार आहे. शिडाच्या होड्यांचा नाद असलेल्या लोकांचा कुठलासा समूह तिनं शोधला, त्यात फोटो टाकला आणि फोनवर बोलून बोलून खाली मजकूर लिहिला, की ही होडी कोणती ते सांगा, आमची मुलगी हिच्यावर आहे, तिचे वडील जेवत नाहीत. हे शेवटचं खोटं होतं, मी व्यवस्थित जेवत होतो. पण त्या वाक्यापायी चाळीसेक लोकांनी उत्तरं दिली आणि प्रत्येकानं वेगळीच होडी सांगितली.

मधेच दुसरा रविवार आला. दार उघडं. "उद्याच निघताय? आणि महिनाभर फोन नाही?" बायको मुद्दाम मोठ्यानं बोलत होती. "मालदीवच्या बेटांवर आपलं सिम चालत नाही, बरं. ... अप्पा? ते होडीची चौकशी करत फिरतायत गावभर. ... हो, होडीची." फोन ठेवल्यावर ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "पोरगी म्हणाली, 'होडीची?' आणि गप्पच बसली. काहीतरी चुकतंय तुमचं."

"उद्या करतो फोन," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी देवगाव रंगारीच्या सप्त्याचा मांडव होता. पहाटे गेलो तो अंधार पडल्यावर आलो.

बुधवारी फोन आला तो कोकणातून. बोलणारा होड्या बांधणारा म्हातारा सुतार होता. बायकोनं नंबरासकट टाकलेला फोटो कुणीतरी त्याला दाखवला होता. आम्ही कुठले ते ऐकल्यावर आधी तो हसला. "थंय होडी खंयसून इली?" म्हणाला, म्हणजे तिथं होडी कुठून आली. मग माझ्यासाठी सावकाश, शाळेतल्यासारखं मराठी बोलू लागला. त्यानं आधीच्या चाळीस जणांसारखं ठोकून दिलं नाही. मलाच प्रश्न विचारले. काठ्या मोजा, किती? खालच्या काठ्या एकमेकींना समांतर आहेत आणि वरच्या दोन पंख्यासारख्या पसरल्यात का? पुढची डोलकाठी जराशी पुढं झुकलीय का? होडीच्या अंगावर लांबच्या लांब कोन दिसतो, का अंग गोल आहे? मी भिंग लावून एकेक सांगत गेलो. व्हय, पसरल्यात. व्हय, झुकलीय. व्हय, कोन आहे.

"मग ही कुठल्या कारखान्याची नव्हे," तो म्हणाला. "हिचा नकाशा विकत मिळतो, त्यावरून हौशी लोक घराच्या आवारात प्लायवूडनं बांधतात. शीड जुन्या चिनी पद्धतीचं, त्याला जंक म्हणतात. डोलकाठी थेट तळापर्यंत गेलेली असते, म्हणून वर दोऱ्या नकोत. चांगली होडी आहे. घाबरू नका."

मी म्हणालो, "मी अंगणात करून बघितलंय."

मग त्याच्या आवाजात एकदम आपलेपणा आला. म्हणाला, "ही होडी मी बघितलीय. दोन पावसाळ्यांमागं आमच्या खाडीत आली होती, सुकाणूची फळी मीच बदलली. म्हातारं जोडपं होतं आणि एक पोर होती. लई वारं आहे, लई ऊन आहे, असं तुमच्याकडचं बोलायची. कुठली म्हणून विचारलं तर म्हणाली, संभाजीनगरची."

मी भिंग खाली ठेवलं. "कशी होती?"

"होडी ना? मजबूत."

"पोर."

"अस्सं. पोर बरी होती. दिवसभर शिवायची. टाका वाकडा गेला की स्वतःवरच चिडायची आणि सगळं उसवून परत शिवायची. मी म्हणालो, एवढं कोण बघणार आहे? तर म्हणाली, आहे एक माणूस."

बायको माझ्या खांद्यावर हात ठेवून ऐकत होती. फोन ठेवता ठेवता तो सुतार म्हणाला, "तेवढं ते मागच्या शिडाचं मात्र शिवून घ्यायला सांगा हो निघायच्या आधी. तिसरा पडदा काठीच्या कडेनं फाटलाय. मला आधी वाटलं, त्याचाच फोटो आहे."

मी फोटो उघडला. तिसऱ्या काठीच्या वरच्या अंगाला एक काळी रेघ होती. ती रेघ मी सोळा दिवस बघत होतो आणि तिला दोरीची सावली समजत होतो. मोठी करून बघितली. सावली नव्हती. घराच्या शिवणीला लागून हातभर कापड उललं होतं. आणि फोटोच्या अगदी मधोमध तेच होतं. होडी अर्धी कापली गेली होती, कारण तिला होडी दाखवायचीच नव्हती.

आमच्या धंद्यात विचारायची एक रीत आहे. माझे उस्ताद जुने, दखनी बोलणारे. ते म्हणायचे, "मुँह नक्को चलाव, माल दिखाव." काही अडलं तर शिकणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. फाटलेलं कापड उस्तादासमोर आणून ठेवायचं आणि बाजूला उभं राहायचं. उस्ताद बघतो, आणि पहिला टाका जिथं पडायला हवा तिथं खडूनं खूण करतो. बस. तोही बोलत नाही. मी असाच शिकलो आणि पोरीलाही असंच शिकवलं. ती नऊ-दहा वर्षांची असल्यापासून माझ्यासमोर कापड ठेवून हात मागं बांधून उभी राहायची. दोन वर्षांनी तिनं माझ्यासमोर कापड ठेवलं होतं. माझ्या दुकानात पाय ठेवू नको म्हणालो होतो, म्हणून दुरून ठेवलं होतं. आणि मी उस्ताद, गावभर होडीचं नाव विचारत हिंडत होतो.

फोन लावला. बंद. परत लावला. बंद. सोमवारीच निघाले होते ते.

मग मी एकच करू शकत होतो ते केलं. डकचा तुकडा घेतला, घर शिवलं, काठी घातली, आणि कडेनं हातभर फाडला, अगदी फोटोतल्यासारखा. घराच्या कडेनं फाटलेलं शिवणं अवघड काम. फाटलंय तिथून सुरुवात केली तर ते पुढं उलत जातं. एक वीत मागं, धड कापडातून सुरुवात करायची आणि दर तिसरा टाका उलटा घ्यायचा. मी वीतभर मागं खडूची खूण केली, फोटो काढला आणि पाठवला. एकच खूण उमटली, बारीक, करड्या रंगाची. बायको म्हणाली, तिला मिळाल्यावर दुसरी उमटेल.

महिनाभर मी ती एक खूण बघत होतो. लग्नं चालू होती, मांडव उभे राहत होते, पडत होते. कुठंही वारं सुटलं की माझा हात खिशात फोनकडं जायचा. शिवलं असेल का तिनं? का तसंच फाटकं घेऊन गेले? एखादा हात उललेलं कापड भर समुद्रात किती वेळ टिकतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. नेव्हीवाले रोज संध्याकाळी येऊन मालदीवच्या बाजूचं हवामान वाचून दाखवायचे. बायको बोलायची बंद झाली होती. एक दिवस मला वाढता वाढता म्हणाली, "तुमी दोघं सारखेच. एकानं तोंड उघडायचं नाही आणि दुसऱ्यानं डोळे." मी मान खाली घालून जेवलो. पोरीची आठवण येत नव्हती असं दोन वर्षांत एका दिवशीही झालं नव्हतं, पण आता ती आठवण छातीत दगडासारखी होती, बसलं तरी टोचायची, उठलं तरी टोचायची.

एका मंगळवारी सकाळी दुसरी खूण उमटली. मी दुकानातच होतो. थोड्या वेळानं फोटो आला. तिसरा पडदा, शिवलेला. खाली लिहिलं होतं, "अप्पा, पंधरा दिवस थांबले. मग अंदाजानं शिवलं. चूक असेल तर सांगा."

मी दार लावून घेतलं. भिंग घेतलं. आणि टाका न् टाका बघायला बसलो.

चूक शोधत होतो. आता कबूल करतो, देवाशपथ मी चूक सापडावी म्हणून शोधत होतो. कारण चूक सापडली तर मला तिला फोन करता येणार होता. असं नको, तसं कर, उसव, परत घे, हे सगळं मला बोलता येतं. जन्मभर तिच्याशी मी तेवढंच बोललोय. एका जागी वाटलं, सापडली! तिनं सुरुवात वीतभर मागून नाही, वीत आणि चार बोटं मागून केली होती. मग लक्षात आलं, शिडाला वारं सारखं झटके देतं, कनातीला देत नाही. तिथं चार बोटं जास्तच हवीत. मी सांगितलं त्यापेक्षा तिचं बरोबर होतं. दर तिसरा टाका उलटा, दोरा एकसारखा ताणलेला, गाठ आतल्या अंगाला. तासभर बघितलं. एक चूक नव्हती.

तरी मी फोन लावला. दोनच रिंग झाल्या.

"हं, अप्पा," ती म्हणाली. मागं वाऱ्याचा आवाज होता. "सांगा. कुठं चुकलं?"

"कुठं नाही."

"गाठ?"

"गाठ बरोबर आहे. सगळं बरोबर आहे."

"मग फोन कशाला केलात?"

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. सत्तावीस वर्षांत चूक काढायची नसताना मी तिला कधी हाक मारली असेल, असं तिला आठवत नव्हतं, आणि मलाही आठवेना. मी दुकानाच्या भिंतीकडं तोंड केलं.

"आठवण येते गं तुझी," मी म्हणालो.

तिकडून नुसतं वारं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "परत म्हणा, अप्पा. ऐकू नाही आलं."

ऐकू आलं होतं तिला. मी परत म्हणालो.